‘सेन्सरच गेलाय, बाकी मशीन एकदम ओके’

गेल्या डिसेंबरात साडेएकवीस लाखांना जुनं वीस टनी पोकलेन घेतलं आणि अकराव्या दिवशी त्याच्या इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायची वेळ आली. (पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही मेकचं एक्स्कॅव्हेटर पोकलेनच.) मेक लिहीत नाही, कारण दोष मेकचा नव्हताच. मी शेततळी आणि विहिरींची कामं घेतो, मशीनवर बारा वर्षं काढलीत. तरी गंडलो. नवख्या माणसाला कुणी फसवलं तर लोक हळहळतात, माझ्यावर हसले.

यार्डात आम्ही सकाळी दहाला पोचलो तेव्हा मशीन चालूच होतं. ‘शेठ, तुमच्यासाठी गरम करून ठेवलंय.’ मला वाटलं काय आदरातिथ्य! चेन, पिना, बकेट, स्विंग सगळं बघितलं. मग माझ्या ऑपरेटरला मशीन मुरुमात चालवायला लावलं. वीसेक मिनिटांत बझर वाजला, मॉनिटरवर कोड आला आणि इंजिनाची पॉवर उतरली. मी सवयीने मोबाईलवर फोटो काढला. एसपीएन (बिघाड कशात) 110, एफएमआय (बिघाड कसला) 0.

यार्डाचा मेकॅनिक धावत आला, स्क्रीनकडे बघून हसला. ‘एकशे दहा म्हणजे कूलंट टेम्परेचर, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान. सेन्सरच गेलाय, बाकी मशीन एकदम ओके. अर्ध्या तासाचं काम.’ माझ्या डोळ्यांदेखत त्याने सेन्सर खोलला, नवा डबीतून काढून लावला. ‘कनेक्टरपण सैल आहे, तोही नवा टाकतो’ म्हणत दोन वायरी कापल्या, जोडल्या, काळी टेप गुंडाळली. पैसे मागितले नाहीत. वर जुना सेन्सर माझ्या हातात ठेवला, ‘हा घ्या, पुरावा.’ तो आव इतका साधा होता की शंका घ्यायलाच लाज वाटली असती. दुपारी पुन्हा अर्धा तास मशीन घातलं. कोड नाही, बझर नाही, टेम्परेचरचा काटा मध्यावर खिळलेला. तो हलत नाही हेच मला आवडलं. टोकन दिलं.

साइटवर आल्यावर सकाळी मशीन पटकन उठायचं नाही, उठलं की पांढरा धूर. थंडी आहे, म्हणालो. नंतर कूलंट कमी व्हायला लागलं. ऑपरेटर पाणी टाकायचा आणि सांगायचा, ‘दादा, काटा तर मधेच आहे.’ अकराव्या दिवशी दुपारी बॉनेटखालून वाफ निघाली. तेव्हाही काटा मधेच होता.

तालुक्याला एक मिस्त्री आहेत, लॅपटॉप घेऊन फिरतात. त्यांना मी आधी मोबाईलवरचा तो फोटो दाखवला. त्यांनी डोक्याला हात लावला. ‘एकशे दहा बघितलंत, पुढचा शून्य नाही बघितला. एफएमआय 3 किंवा 4 असता तर व्होल्टेजची गडबड, म्हणजे वायर, कनेक्टर नाहीतर सेन्सर. शून्य म्हणजे सेन्सर ठणठणीत आहे आणि तो सांगतोय, इंजिन खरंच तापलंय.’

मग त्यांनी चावी ऑन ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढला. सेन्सर काढला की ईसीएमने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) लगेच कोड द्यायला हवा. काहीच आलं नाही. सेन्सर हातात, आणि मॉनिटर सांगतोय इंजिन ऐंशी डिग्री! टेप उलगडली तर आत गव्हाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा. नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्टे, म्हणजे 330 ओहम. सेन्सरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी आत तोडलेल्या आणि त्यांच्या जागी हा रुपयाचा दाणा. हा सेन्सर तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, आणि ऐंशी डिग्रीला तो साधारण 320 च्या घरात असतो. म्हणजे ईसीएमच्या लेखी इंजिन पहाटेही ऐंशीवर, आणि वाफ निघत असतानाही ऐंशीवरच. पहाटेचं इंजिनही त्याला गरम वाटतं, म्हणून थंड इंजिनाला लागणारं डिझेल तो देतच नाही. पांढरा धूर त्याचाच.

तो ‘पुरावा’ म्हणून दिलेला जुना सेन्सर गाडीच्या डिकीत पडला होता. घरी चहाच्या पातेल्यात तो सोडला आणि मीटर लावला. बायको बघतच राहिली. गार पाण्यात सतराशे ओहमच्या आसपास, पाणी उकळायला लागलं तसा घसरत घसरत दोनशेच्या खाली. एकदम चोख. (मेकप्रमाणे आकडे बदलतात, पण घसरण अशीच दिसली पाहिजे.) ते पातेलं आता चहाला वापरत नाहीत.

खरा आजार निघाला चोंदलेला रेडिएटर आणि आधीपासूनच गॅस मारणारी (सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये सोडणारी) हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची पट्टी. पॉवर उतरत होती ती इंजिन वाचावं म्हणून, आणि त्यांनी ते राखणच बंद केलं. हेडला क्रॅक गेला. काम दोन लाख ऐंशी हजारांचं, वर पावणेदोन महिने मशीन उभं आणि हप्ता चालू.

यार्डवाला म्हणाला, कागद वाचा. नोटरी केलेल्या करारात ‘मशीन आहे त्या स्थितीत घेतले’ ही ओळ होती आणि खाली माझी सही. वकील म्हणाले, ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये धंद्यासाठी घेतलेला माल बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतला असेल तर सवलत आहे, पण माझ्याकडे आधीच दोन मशीनं आणि पगारी ऑपरेटर, म्हणजे ती वाट अवघड. दोष मुद्दाम लपवला म्हणून दिवाणी दावा लावता येतो, मात्र रेझिस्टर त्यांनीच टाकला हे मी सिद्ध करायचं. टेप उलगडतानाचा व्हिडिओ काढायला हवा होता, तो नाही. तुम्ही काढा.

आणि मशीन बघायला जाल तेव्हा ते गार असू द्या. चावी नुसती ऑन करा आणि टेम्परेचर बघा, काटा तळाशी हवा. ऑइल प्रेशरचा लाल दिवा तेव्हा लागलाच पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर तो विझतो, पण काही ठिकाणी बल्बच काढलेला असतो. मिस्त्री म्हणतात, तीन-चार सेन्सरचे कोड एकदम आले तर सेन्सर विकत घेत सुटू नका, आधी त्या सगळ्यांना जाणारी पाच व्होल्टची वायर तपासा. एक सेन्सर शॉर्ट झाला की बाकीचेही खोटं बोलायला लागतात. ‘रेल प्रेशर कमी’ (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब कमी) असा कोड आला तरी आधी डिझेल फिल्टर, मग पंप, इंजेक्टरचं रिटर्न (तिथून परत येणारं डिझेल), आणि शेवटी सेन्सर तपासा.

मागच्या महिन्यात मेव्हण्याबरोबर एक मशीन बघायला गेलो होतो. आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं, आम्ही यायच्या आधी चालू करू नका. सकाळी सातलाच पोचलो. मालक म्हणाले, परवापासून हात लावलेला नाही. मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या होजवर तळहात ठेवला. चांगलाच गरम होता. चहा आला होता, पण आम्ही थांबलो नाही.