शुगर सीएलआय : काही महिन्यांच्या वापरानंतर, खर्चाच्या बाजूने

शुगर हे सोलाना ब्लॉकचेनवर एनएफटीचं (मालकीची नोंद असलेल्या डिजिटल टोकनचं) कलेक्शन चढवायचं, कमांडवर चालणारं टूल. हजार चित्रांचं कलेक्शन सोलानाच्या मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या नेटवर्कवर, चढवताना डिप्लॉय (चेनवर नोंद करायची पायरी) अर्ध्यात तुटलं. ज्या सेवेकडून आरपीसी (चेनशी बोलायचा सर्व्हर) घेतला होता तिचे महिन्याचे पैसे भरलेले होते, तरी ऐन वेळी ती रिक्वेस्ट नाकारायला लागली. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, 'वरचा प्लॅन घ्या'. घेतला नाही. दुसऱ्या सेवेचा पत्ता टाकून तीच कमांड पुन्हा चालवली. शुगरने चढलेल्या ओळींना (प्रत्येक चित्राच्या नाव-लिंकच्या नोंदींना) हात लावला नाही, उरलेल्या तेवढ्या पाठवल्या. हा अनुभव लिहायला बसलो ते त्यामुळे.

कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल), व्हॅलिडेट (फाइल तपासणं), अपलोड (साठवणुकीत चढवणं), डिप्लॉय, व्हेरिफाय (चेनवरची नोंद पडताळणं) हा क्रम तुम्हाला माहीत असणारच. मला बोलायचंय ते कॅशे फाइलबद्दल, म्हणजे शुगर स्वतः लिहितं त्या नोंदवहीबद्दल.

सुरुवातीचे काही आठवडे ही फाइल मला लोढणं वाटायची. प्रत्येक कलेक्शनची वेगळी सांभाळा, डेव्हनेटची (चाचणीच्या नेटवर्कची) मेननेटमध्ये मिसळू देऊ नका, बॅकअप घ्या. आता मत पूर्ण बदललंय. प्रत्येक चित्राचा आणि मेटाडेटाचा (त्याच्या वर्णनाच्या फाइलचा) हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठसा, त्यांच्या लिंक आणि ती ओळ चेनवर गेली की नाही, हे सगळं त्यात असतं. एखादं चित्र बदललं तर हॅश जुळत नाही आणि तेवढंच पुन्हा अपलोड होतं. व्हेरिफायमध्ये एखादी ओळ चुकीची निघाली तर तिची खूण उतरते आणि पुढच्या डिप्लॉयला तीच जाते. थोडक्यात, एकदा पैसे दिलेल्या कामाचे पैसे पुन्हा द्यावे लागत नाहीत. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखी ही फाइल जपा.

साठवणुकीसाठी मी आरवीव्ह (फाइल कायमच्या ठेवायचं नेटवर्क) घेतलं. एकदाच पैसे जातात, पण जातात. फुकटच्या पर्यायांवर माझा भरवसा नाही. एनएफटी डॉट स्टोरेजच्या जुन्या सेवेने 30 जून 2024 पासून नव्या फाइल घेणं थांबवलं, तेव्हा तिच्यावर बेतलेले कित्येक आराखडे बदलावे लागले. बंडलरकडे (आरवीव्हवर फाइल चढवून देणाऱ्या मधल्या सेवेकडे) भरलेली रक्कम उरली तर ती तिथेच पडून राहते. ती बघायची आणि काढून घ्यायची कमांड शुगरमध्येच आहे. रक्कम किरकोळ असली तरी आपली आहे, काढून घ्या.

खरी बचत मात्र भाड्यात, म्हणजे चेनवरच्या जागेसाठी ठेवाव्या लागणाऱ्या अनामतीत आहे. कँडी मशीनच्या (कलेक्शनमधले टोकन देणाऱ्या चेनवरच्या यंत्रणेच्या) अकाउंटमध्ये जितके बाइट, तितकं भाडं अडकतं. मी वापरलं त्या काळात हा दर बाइटमागे 6,960 लॅमपोर्ट (सोल या नाण्याचे अब्जांश) होता. आरवीव्हच्या लिंकचा सुरुवातीचा 20 अक्षरांचा भाग सगळीकडे सारखाच असतो, पुढचा 43 अक्षरांचा आयडी तेवढा बदलतो. शुगर हा सामाईक भाग स्वतः ओळखून एकदाच लिहितं. हजार वस्तूंवर 20,000 बाइट वाचले, म्हणजे जवळपास 0.14 सोल. नावांनाही हाच नियम लागतो, म्हणून सगळ्यांची सुरुवात एकसारखी ठेवा आणि शेवटी फक्त क्रमांक बदला. हिडन सेटिंग्ज (सगळ्यांना आधी एकच लिंक द्यायची सोय) वापरल्या तर वस्तूगणिक ओळी लिहाव्याच लागत नाहीत आणि भाडं आणखी उतरतं. पण नंतर रिव्हीलचं (खरी चित्रं उघड करायचं) काम मागे लागतं, ते मला नको होतं.

सगळी मिंट (टोकन घडवून देणं) संपली की विथड्रॉ कमांडने हे भाडं परत मिळतं. इथेच मला या टूलचा राग येतो. कँडी मशीनचा पत्ता न देता ही कमांड चालवली तर ती त्या वॉलेटखालच्या सगळ्या कँडी मशीनचं भाडं काढायला निघते. ज्याची विक्री चालू आहे तेही त्यात आलं, आणि एकदा भाडं निघालं की ते मशीन निकामी. पैसे परत मिळवायच्या कमांडमध्ये पत्ता सक्तीचाच हवा होता. मी आधी यादी काढतो, हवा तो पत्ता उचलतो आणि मगच चालवतो. विकलेले टोकन सुरक्षित राहतात, कारण त्यांची अकाउंट वेगळी असतात.

गार्डबद्दल (मिंटवर लावायच्या अटींबद्दल) फार सांगण्यासारखं नाही. लावल्याशिवाय तुमच्याखेरीज कुणालाच मिंट करता येत नाही, तेव्हा लावावेच लागतात. बॉट टॅक्स (अट मोडून मिंट करू पाहणाऱ्याला दंड) आणि सुरुवातीची वेळ, दोन्ही ठेवा.

एवढं असूनही पुढच्या कलेक्शनला मी हा मार्ग घेणार नाही. इथला टोकन मेटाडेटा स्टँडर्ड एका एनएफटीसाठी मिंट, मेटाडेटा, मास्टर एडिशन आणि टोकन अशी अनेक अकाउंट उघडतो आणि प्रत्येकाचं भाडं घेणाऱ्याच्या खिशातून जातं. 2024 मध्ये आलेल्या कोअर या नव्या स्टँडर्डमध्ये एकच अकाउंट लागतं. माझं भाडं मला परत मिळतं, पण घेणाऱ्याचं त्या अकाउंटमध्ये अडकून राहतं. आधी शुगर शिकलेल्यांनी चालू कलेक्शन इथेच पूर्ण करावं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी कोअरचा खर्च काढून बघावा.