गॅमेरा की गॉडझिला? स्वस्तातला जपानी राक्षस निवडताना

जुने जपानी राक्षसपट बघायला कुठून सुरुवात करू, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: १९५४चा 'गॉडझिला'. सल्ला बरोबरच आहे. पण इशिरो होंडांचा तो चित्रपट म्हणजे स्वस्तातली गंमत नव्हे. त्या काळच्या जपानी हिशेबाने तो चांगलाच खर्चिक होता, आणि बिकिनी बेटावरच्या अणुचाचणीची राख अंगावर पडलेल्या जपानी मच्छीमारांची बातमी ताजी असतानाच आल्यामुळे त्यात हसण्यासारखं फारसं काही नाही.

इथे प्रश्न आहे तो खिसा फाटल्यानंतरच्या चित्रपटांचा. १९५८मध्ये जपानात वर्षभरात ११० कोटींहून जास्त सिनेमाची तिकिटं खपली होती. मग घरोघरी टीव्ही आला आणि १९७२पर्यंत हा आकडा २० कोटींच्या खाली घसरला. राक्षस तेच राहिले, पैसा आटला. प्रेक्षक म्हणून उरली ती प्रामुख्याने शाळकरी पोरं. या काळातले दोन पर्याय तुमच्यासमोर आहेत: दाइएई कंपनीचं उडणारं कासव गॅमेरा, आणि तोहो कंपनीचा सत्तरच्या दशकातला, रया गेलेला गॉडझिला.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. रबरी पोशाखात माणूस आहे हे दिसतं, म्हणून हे चित्रपट टाकाऊ ठरत नाहीत. कॅमेरा जास्त वेगाने फिरवून घेतलेलं दृश्य पडद्यावर संथ होतं, त्यामुळे त्या माणसाच्या चालीला वजन येतं. पायाखालच्या छोट्या इमारती नेटक्या असतील तर दहा मिनिटांत डोळा सरावतो. डोळा सरावत नाही तो शिळ्या दृश्यांना. मागच्या चित्रपटातली मारामारी कापून या चित्रपटात चिकटवली की बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि पैसे वाचवायला दोन्ही कंपन्यांनी हे सर्रास केलं. १९६८च्या 'गॅमेरा विरुद्ध व्हिरास'मध्ये परग्रहवासी गॅमेराच्या आठवणी तपासतात, म्हणजे आपण मागचे चित्रपट पुन्हा बघतो. पुढे १९६५च्या पहिल्या गॅमेरापटाचे कृष्णधवल तुकडे रंगीत चित्रपटात घुसवले आहेत, तेही राजरोस. शिळ्या कढीला ऊत आणावा, पण निदान कढीचा रंग तरी जुळावा! दाइएई १९७१मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे १९८०मध्ये आलेल्या गॅमेराच्या 'सुपर मॉन्स्टर'मध्ये तर राक्षसांची जवळपास सगळी दृश्यं जुनीच आहेत. तो कुणी फुकट दाखवला तरी बघू नका.

म्हणून निवडताना पोशाख बघू नका, ताजा माल किती आहे ते बघा. या कसोटीवर गॅमेराकडून मी १९६९चा 'गॅमेरा विरुद्ध गुइरॉन' पुढे करेन. दिग्दर्शक नोरिआकी युआसा. दोन मुलं परग्रहावरच्या यानात शिरतात, यान त्यांना घेऊन उडतं आणि सूर्याच्या पलीकडच्या ग्रहावर उतरतं. तिथल्या दोन गोड बोलणाऱ्या बायांना या पोरांचे मेंदू खायचे असतात, त्यासाठी त्या एकाचं डोकं भादरतातही. त्यांचा राखणदार गुइरॉन. चार पायांवर चालणारा, आणि डोकं म्हणजे अख्खा सुरा.

आल्या आल्या त्याची गाठ पडते ती चंदेरी गिओसशी. हा गिओस म्हणजे आधीच्या चित्रपटातल्या राक्षसाचाच पोशाख, वरून चंदेरी रंग मारलेला. गिओस तोंडातून किरण सोडतो, तो गुइरॉनच्या पात्यावर आपटून उलट फिरतो आणि गिओसचाच पाय तुटतो. मग पंख, मग मुंडकं. एवढ्यावर भागत नाही. गुइरॉन शांतपणे उरलेल्या धडाच्या काकडीसारख्या चकत्या करतो. रंग रक्ताचा नाही, हाडामांसाचा तपशील नाही, त्यामुळे मुलं किंचाळत हसतात आणि मोठी माणसं एकमेकांकडे बघतात. पुढे गॅमेरा आडव्या दांडीवर जिम्नॅस्टसारखा गरगर फिरतो, आणि शेवटी तोंडातल्या आगीने मोडलेलं यान सांधून देतो. तर्काची अपेक्षा ठेवलीत तर पहिल्या वीस मिनिटांत उठाल. न ठेवलीत तर पुढे काय होईल याचा अंदाज एकदाही येणार नाही, आणि आजच्या महागड्या चित्रपटांत ही गोष्ट दुर्मीळ झाली आहे.

गॉडझिलाच्या बाजूने माझं मत १९७१च्या 'गॉडझिला विरुद्ध हेडोरा'ला. खर्च तुटपुंजा, दिग्दर्शक योशिमित्सु बान्नो नवखे. जपानात तेव्हा योक्काइची शहरात कारखान्यांच्या धुराने दम्याचे रोगी वाढले होते, मिनामातात कारखान्याने समुद्रात सोडलेल्या विषारी पाऱ्याचा खटला गाजत होता. हेडोरा हा त्या घाणीतूनच वाढणारा राक्षस: आधी पाण्यातला, मग जमिनीवरचा, मग हवेतला. तो कारखान्याच्या धुराड्याला तोंड लावून धूर ओढतो. पत्ते कुटावेत तसा माहजोंगचा डाव रंगलेला असतो, खिडकीतून चिखल येतो आणि डाव तिथेच संपतो. तो सरकून गेल्यावर चिखलाने माखलेलं मांजराचं पिल्लू म्याव करत राहतं. मध्येच कार्टून सुरू होतं, मध्येच नाचघरातल्या लोकांची तोंडं माशांची होतात. आणि मग गॉडझिला स्वतःच्या तोंडच्या ज्वाळेच्या जोरावर शेपूट धरून उलटा उडतो. त्या उड्डाणावर चाहत्यांची आजही दोन तटांत भांडणं होतात. मला ते खटकतं, पण चित्रपटातल्या इतर वेडेपणात खपून जातं. बान्नोंना पुन्हा गॉडझिलाचा चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला नाही.

पुढच्या दोन वर्षांतले 'गिगान' (१९७२) आणि 'मेगालॉन' (१९७३) पुन्हा उसनवारीचे. 'गिगान'मध्ये तर गॉडझिलाचा पोशाख इतका जुना आहे की अंगाचे टवके पडताना दिसतात. 'मेगालॉन'मधली गॉडझिलाची शेपटीवरून घसरत मारलेली लाथ मात्र बघाच. तेवढा तुकडा यूट्यूबवर पाहून काम भागतं.

माझ्या कसोटीला एक अपवाद आहे. १९६९चा होंडांचाच 'ऑल मॉन्स्टर्स अटॅक' जेमतेम सत्तर मिनिटांचा, आणि मारामाऱ्या बहुतांशी जुन्या. पण गोष्ट आहे कारखान्यांच्या वस्तीत राहणाऱ्या एकट्या पोराची. आईबाप दोघं कामावर, गल्लीतली मुलं छळतात, म्हणून तो स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो. स्वप्न बघणाऱ्या पोराने पाहिलेलेच सिनेमे पुन्हा पाहावेत, हे इथे पटतं. चाहते या चित्रपटाला नावं ठेवतात. मी ठेवत नाही.

तर ठरवायचं कसं? घरात सात ते दहा वर्षांची मुलं असतील आणि आरडाओरडा चालणार असेल, तर गुइरॉन. हेडोरात माणसं वितळून सांगाडे होतात, ते लहानांना झेपणार नाही. एकट्याने किंवा कॉलेजच्या मित्रांसोबत बघायचा असेल, तर हेडोरा. आणि हसायचंच नसेल, तर या दोघांना सोडून शुसुके कानेकोंचा १९९५चा गॅमेरा लावा. पैसा तिथेही मोजकाच होता, पण स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या शिंजी हिगुचींनी कॅमेरा रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवला, त्यामुळे मोडक्या टोकियो टॉवरवर घरटं करून बसलेला गिओस खरंच अंगावर येतो.

भाषेचं म्हणाल तर हेडोरा मूळ जपानीतच, सबटायटल्स लावून बघा. गुइरॉनचं जुनं इंग्रजी डबिंग भयंकर आहे, पण मुलांसोबत बघताना तेच लावा. वाचायची कटकट नाही, आणि ते आवाज ऐकून हसायला आणखी एक निमित्त मिळतं.