क्वेस्ट की ओपस? अरबी बोलणाऱ्या रुग्णाला ब्रेसबद्दल विचारायचं कसं

"ब्रेस कसा वाटतोय?" असं विचारलं की उत्तर येतं, "अल्हम्दुलिल्लाह," म्हणजे देवाची कृपा. आखातात काम केलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही फिजिओला किंवा ऑर्थोटिस्टला (ब्रेस, म्हणजे हातापायाला आधार देणारं साधन, बनवणाऱ्या तज्ज्ञाला) हे ओळखीचं असेल. सुरुवातीला मी या उत्तराचा अर्थ ‘उत्तम आहे’ असा घेत असे आणि समाधानाच्या फॉर्मवर पाचपैकी पाच लिहीत असे. मग एका आजोबांच्या घोट्यावर, प्लास्टिकच्या कडेखाली, जखम दिसली. बरीच जुनी होती. तिच्यासकट त्यांनी मला दोनदा पाचपैकी पाच दिले होते. त्यांनी मला फसवलं नव्हतं, माझा प्रश्नच चुकीचा होता.

रियाध, मस्कत, अम्मानमधल्या एखाद्या केंद्रात ‘रुग्णाचं समाधान मोजा’ असं तुम्हाला सांगितलं असेल, किंवा मुंबईत उपचाराला आलेल्या येमेनी, इराकी, ओमानी रुग्णांसाठी प्रश्नावली शोधत असाल, तर निवड बहुधा दोघींत येऊन थांबते: क्वेस्ट २.० आणि ओपस. दोन्ही नावाजलेल्या आहेत आणि दोन्हींवर अरबीत काम झालं आहे. तरी त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

क्वेस्ट काय विचारते

क्वेस्ट कॅनडातल्या क्वेबेकची. व्हीलचेअरपासून कुबडीपर्यंत कुठल्याही सहायक साधनाला लागू पडावी अशीच तिची रचना आहे. प्रश्न बारा. आठ साधनाबद्दल: आकार, वजन, जुळवून घेण्याची सोय, सुरक्षितता, टिकाऊपणा, वापरातला सोपेपणा, आराम आणि उपयोग. उरलेले चार सेवेबद्दल: साधन मिळेपर्यंतची प्रक्रिया, दुरुस्ती, तज्ज्ञांची वागणूक व सल्ला, नंतरचा पाठपुरावा. प्रत्येकाला १ ते ५ गुण आणि शेवटी सरासरी. दहा-पंधरा मिनिटांत होते. तिची अरबी आवृत्ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती ऑर्थोसिस, म्हणजे ब्रेससारखी साधनं, वापरणाऱ्यांवरच तपासलेली आहे. आपल्या कामासाठी ही मोठी जमेची बाजू.

ओपस काय विचारते

ओपस शिकागोची, २००३ची आणि फक्त ऑर्थोसिस-प्रोस्थेसिससाठी (ब्रेस आणि कृत्रिम अवयवांसाठी) बनवलेली. ती अनेक भागांची आहे. हालचाल, जीवनमान वगैरे भाग बाजूला ठेवा, आपल्याला हवा तो साधनाबद्दलच्या समाधानाचा. मूळ भागात अकरा विधानं आहेत: साधन नीट बसतं, वजन झेपतं, दिवसभर आरामदायक वाटतं, घालायला सोपं आहे, दिसायला बरं आहे, टिकाऊ आहे, त्याने कपडे फाटत-झिजत नाहीत, त्वचा सोलवटत नाही, घातल्यावर दुखत नाही, विकत घेणं आणि सांभाळणं परवडतं, दुरुस्ती किंवा बदलणं परवडतं. काही अभ्यासांत आठ विधानांची छोटी आवृत्ती वापरतात. इथे ‘किती समाधानी आहात’ असं विचारत नाहीत. विधानाशी सहमत आहात की नाही, एवढंच सांगायचं.

यादी वाचूनच कळतं की ही ब्रेस जवळून पाहिलेल्या माणसांनी लिहिली आहे. त्वचा, कपडे, दुखणं हे तीनही प्रश्न क्वेस्टमध्ये स्वतंत्रपणे नाहीत. ‘आराम’ या एका शब्दात ते सगळे कोंबावे लागतात. माझ्या आजोबांची जखम त्या शब्दात हरवली असती, हरवलीच होती.

भाषेची खरी अडचण

समाधानाला अरबीत शब्द आहे ‘रिदा’. समाधानी पुरुष ‘रादी’, स्त्री ‘रादिया’. हा शब्द आपल्याला परका नाही. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला, म्हणून आपण राजी होतो, राजीनामा देतो, रजा मागतो. अरबीत मात्र त्याला एक खोल धार्मिक अर्थ आहे: देवाने जे दिलं ते मनापासून स्वीकारणं. त्यामुळे ‘या साधनाच्या वजनाबद्दल तुम्ही किती राजी आहात’ हा प्रश्न एखाद्या वयस्क माणसाला ब्रेसबद्दलचा वाटतच नाही, त्याच्या सबुरीबद्दलचा वाटतो. आणि त्या परीक्षेत कोण नापास होईल? क्वेस्टचे गुण वरच्या टोकाला का गोळा होतात, याचं माझ्या मते हे एक मोठं कारण आहे.

ओपस या सापळ्यातून सुटते. ‘माझी त्वचा सोलवटत नाही’ ही वस्तुस्थिती आहे, तिथे श्रद्धा मध्ये येत नाही. शिवाय ‘मी सहमत आहे’ हे अरबी क्रियापद प्रथम पुरुषात स्त्री-पुरुष दोघांना सारखंच. ‘राजी’ला मात्र लिंगाप्रमाणे दोन रूपं लागतात, नाहीतर बाईच्या हातात पुरुषासाठी छापलेला कागद जातो.

पण ओपसचा स्वतःचा एक सापळा आहे. तिची सगळी विधानं एकाच, चांगल्या बाजूची. पाहुण्याला किंवा डॉक्टरला नाही म्हणायचं नसतं अशा घरात वाढलेला माणूस सगळीकडे ‘सहमत’ म्हणत जातो. आणि ‘सोलवटत नाही’ याच्याशी ‘असहमत’ म्हणजे सोलवटतं, ही दुहेरी नकाराची कसरत वाचताना जमते. तोंडी विचारलं की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो.

तोंडी विचारणं तर टळत नाही. छापलेल्या आवृत्त्या फुस्हात, म्हणजे पुस्तकी अरबीत असतात. घरी ती कोणी बोलत नाही. शाळा फार न पाहिलेल्या माणसाला फॉर्म वाचून दाखवावा लागतो, आणि वाचणारा आपोआप आपल्या बोलीत उतरतो. इजिप्तची परिचारिका एक शब्द वापरते, इराकी तंत्रज्ञ दुसरा, आणि मोरोक्कोतला रुग्ण दोघांकडे बघत राहतो. मग दोन महिन्यांच्या गुणांतला फरक ब्रेसमुळे पडला की विचारणाऱ्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून कुठलीही प्रश्नावली घ्या, पण तुमच्या भागातल्या बोलीतले तोंडी शब्द एकदा बसून ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्यांना तेच वापरायला लावा. शक्यतो विचारणारी व्यक्ती ब्रेस बनवणारी नसावी. बायकांना बाईने विचारावं. मांडीपर्यंतच्या कॅलिपरखाली कुठे काचतं, हे त्या परपुरुषाला सांगणार नाहीत.

दोघीही जे विचारत नाहीत

नमाज. पाच वेळा. त्याआधी वुजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, त्यात पाय घोट्यापर्यंत धुवायचे. म्हणजे घोट्याचा ब्रेस काढायचा आणि पुन्हा घालायचा. सज्द्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवताना, पायाची बोटं जमिनीवर दुमडावी लागतात, तळव्याची कडक पट्टी बोटांपर्यंत गेलेली असेल तर ती दुमडू देत नाही. बैठकीत डावं पाऊल आडवं करून त्यावर बसतात, आणि घोटा ९० अंशांत जखडलेला असेल तर ते होत नाही. अनेक जण खुर्चीवर बसून नमाज पढतात आणि त्याची मुभाही आहे, पण रांगेत सगळ्यांसोबत उभं राहायचं मन असतंच. मशिदीत आणि घरात बूट काढतात. आपले बरेच ब्रेस मात्र बूट गृहीत धरून बनवलेले, संगमरवरावर अनवाणी चालताना ते घसरतात.

हे कळल्यापासून ओपसमधलं ‘घालायला सोपं आहे’ हे विधान मी फार गंभीरपणे घेते. युरोपातल्या रुग्णासाठी ती सकाळची एक कटकट असते. इथे ती दिवसातून पाच-सहा वेळा येते. नमाजेचे प्रश्न जरूर विचारा, पण वेगळ्या कागदावर. मूळ प्रश्नावलीत घुसवले तर गुण कुणाशीच ताडून पाहता येणार नाहीत.

मग कुठली घ्यावी

एकाच प्रकारच्या ब्रेसची दोन डिझाईन्स ताडायची असतील, किंवा घडण बदलल्यावर त्रास कमी झाला का हे पाहायचं असेल, तर ओपस. यात मला शंका नाही. फक्त पैशांची विधानं आधी तपासा. साधन सरकारकडून किंवा निर्वासित छावणीत मदत म्हणून फुकट मिळत असेल तर ‘परवडतं’ या विधानाला अर्थच उरत नाही.

केंद्राचं काम जोखायचं असेल, म्हणजे वाट किती पाहावी लागते, दुरुस्ती होते का, नंतर कोणी विचारतं का, किंवा ब्रेससोबत व्हीलचेअर आणि वॉकरवालेही असतील, तर क्वेस्ट. ओपसलाही सेवेचा वेगळा भाग आहे, पण तो जोडला की फॉर्म लांबतो आणि थकलेला माणूस एकच रकाना खालपर्यंत भरत जातो.

मला एकच निवडायची झाली तर मी क्वेस्ट निवडेन, आणि ती तिच्या शेवटच्या छोट्या भागासाठी. बारा मुद्द्यांपैकी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे तीन निवडा, असं तिथे सांगतात. इथे सबुरीची परीक्षा नाही आणि कुणाला नाही म्हणायचं नाही. सगळ्याला पाच गुण देणारा माणूसही तीनच निवडू शकतो. त्याने ‘आराम’ आणि ‘वजन’ निवडलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: वजन कधी जाणवतं? तिथून माणूस बोलायला लागतो. तरी क्वेस्ट घेतली तर त्वचा स्वतः डोळ्यांनी पाहायची, पायमोजा उतरवून. ते काम कागदावर सोपवू नका.

दोन्ही फॉर्म एकाच बैठकीत भरून घेण्याचा मोह टाळा, आणि त्यांचे गुण एकमेकांत तर मुळीच मिसळू नका.

लहान मुलांचं वेगळं आहे. वाकड्या पावलांच्या बाळाचा किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा ब्रेस असेल तर उत्तर देतात वडील, कारण क्लिनिकमध्ये तेच पुढे बसतात. ब्रेस घालते, काढते, रात्री रडणं ऐकते ती आई. तिला विचारा, वेगळं बसवून.