खेळातला खून कुठे घडवायचा: सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस की डेक्कन ओडिसी?

ऑनलाइन गटात पोस्ट टाकून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन खेळायचा रहस्यखेळ रचताना बहुतेक जण आधी खुनी ठरवतात, मग मयत, आणि गाडी सगळ्यात शेवटी. मला वाटतं, गाडी आधी ठरवावी. टेबलाभोवती बसलं तर एक उलटतपासणी वीस मिनिटांत उरकते. पोस्टवर तीच आठवडाभर चालते, कारण एक प्लेअर सकाळी लोकलमध्ये लिहितो, दुसरी रात्री मुलं झोपल्यावर, आणि तिसरा न्यू जर्सीत असतो. एवढ्या ताणलेल्या वेळात खेळाला पुढे ओढतं ते गाडीचं वेळापत्रक. स्टेशन आलं, दार उघडलं, कोणीतरी उतरलं, एवढं सूत्रधाराने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, लिहिलं की गप्प बसलेल्यांनाही हलावं लागतं. म्हणून गाडी निवडताना डब्यांचा थाट नंतर बघा. ती कुठे थांबते, तिथे कोण उतरू शकतं आणि बाहेरची बातमी आत किती लवकर पोचते, हे आधी बघा.

आलिशान गाडी म्हटल्यावर मराठी गटांपुढे बहुधा दोनच नावं येतात. सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस 1919 साली सुरू झाली. पॅरिसहून निघून लोझान, मिलान, व्हेनिस, त्रिएस्त, बेलग्रेड, सोफिया असं करत इस्तंबूल. तीन रात्रींचा आणि सुमारे 3,000 किलोमीटरचा प्रवास. दुसरी आपली डेक्कन ओडिसी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि भारतीय रेल्वेने ती 2004 मध्ये रुळावर आणली. 21 डबे, सात रात्री, मुंबईहून निघून मुंबईत परत. 2020 मध्ये थांबली आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. दोन्ही गाड्यांवर मी एकेक खेळ चालवला आहे, त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

आत कोण अडकलंय?

रहस्याला बंद दार लागतं. सिम्प्लॉनवर ते आयतं मिळतं. 1929 च्या हिवाळ्यात ही गाडी तुर्कस्तानातल्या चेर्केझकोयजवळ बर्फात रुतली आणि कित्येक दिवस तिथेच उभी राहिली. ही खरी घटना आहे, त्यामुळे कोणी ‘असं कुठे होतं का’ म्हणू शकत नाही. पण बर्फाचा मोह मी आवरते, आणि तुम्हीही आवरावा. या गाडीवरच्या अगाथा ख्रिस्तीच्या जगप्रसिद्ध कादंबरीचा उलगडा बहुतेकांना माहीत असतो, आणि गाडी बर्फात थांबली की सगळे त्याच दिशेने तर्क करू लागतात. चालती गाडी जास्त उपयोगी. व्हिंकोव्त्सी जंक्शनला बुखारेस्टकडे जाणारे डबे सुटायचे. म्हणजे संशयिताचा डबाच तोडून निघून जाऊ शकतो आणि प्लेअरांना त्याआधी काहीतरी ठरवावंच लागतं. भोजनाचा डबाही ठरावीक टप्प्यापुरताच जोडलेला असे. रात्री मयताला कॉन्यॅक देणारा वाढपी सकाळी गाडीत नसतो. अशा मुदती सूत्रधाराला स्वतःहून कल्पाव्या लागत नाहीत. नकाशातच त्या आहेत.

डेक्कन ओडिसीचं उलट आहे. ती प्रामुख्याने रात्री धावते, आणि दिवसा पाहुणे खाली उतरतात: वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा, कोकण. (मार्ग आणि क्रम वेळोवेळी बदलत आले आहेत, म्हणून कोणत्या वर्षाची फेरी ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहून टाका.) रोज ऐंशीएक माणसं दार उघडून बाहेर जाणार म्हटल्यावर सुरा वेरूळच्या दरीत फेकता येतो आणि खुनी मडगावहून टॅक्सी करून पसार होऊ शकतो. दरड कोसळवून गाडी कोकणात अडकवावी असं पहिल्यांदा सुचतंच. मलाही सुचलं होतं. पण दरडी पावसाळ्यात कोसळतात आणि या गाडीचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. रत्नागिरीचा एखादा प्लेअर ही चूक दोन मिनिटांत काढेल, आणि एकदा सूत्रधारावरचा विश्वास उडाला की पुढच्या प्रत्येक पुराव्यावर वाद होतो.

तरी रोज उतरण्याचा एक मोठा फायदा आहे, तो मला खेळ अर्धा झाल्यावर कळला. टेबलावर गट फुटला की निम्मे लोक जांभया देत बसतात. पोस्टवर तसं होत नाही. दोघं कैलास लेण्यात, दोघं गाडीच्या बारमध्ये, एक जण घृष्णेश्वराच्या रांगेत, असे तीन धागे एकाच वेळी चालतात आणि कोणीच कोणासाठी थांबत नाही. शिवाय ज्याला ऑफिसच्या कामात तीन दिवस लिहायला जमलं नाही, त्याचं पात्र ‘डोकं दुखतंय’ म्हणून केबिनमध्ये राहिलं असं धरता येतं. फक्त हे आधीच सांगून ठेवा, की केबिनमध्ये राहिलेल्याला साक्षीदार नसतो. माझ्या खेळात एका प्लेअरला हे सांगायचं राहून गेलं. तिचं पात्र तिच्या नकळत मुख्य संशयित झालं आणि ती खेळ सोडून गेली. ती चूक माझी होती.

कागद

माझं मत सिम्प्लॉनकडे झुकतं ते मुख्यतः कागदांमुळे. वागों-ली कंपनीच्या झोपायच्या डब्यांत प्रवासी रात्री आपला पासपोर्ट कंडक्टरकडे देऊन झोपत असत, म्हणजे सरहद्दीवर त्यांना उठवावं लागू नये. विचार करा, एका माणसाच्या ताब्यात डब्यातल्या सगळ्यांची खरी नावं, वयं, शिक्के. तोच रात्रभर कॉरिडॉरच्या टोकाला बसून कोण कुठे गेलं ते बघतो. हे पात्र एखाद्या प्लेअरला द्या किंवा स्वतःकडे ठेवा, पण त्याची नोंदवही पहिल्या दिवशीच लिहून तयार असू द्या.

पोस्टवरच्या खेळात लोक पुन्हा मागे जाऊन वाचतात, रात्री दोन वाजता फोटो मोठा करून शिक्क्याची तारीख बघतात. तार, व्हिसा, सामानाची पावती, हे सगळं त्यांना सावकाश वाचायला मिळतं. काळसुद्धा मदतीला येतो. तुर्कस्तानाने 1928 मध्ये अरबी लिपी सोडून लॅटिन घेतली. त्यामुळे 1931 सालचं एखादं तुर्की पत्र जुन्या लिपीत असेल, तर लिहिणाऱ्याच्या वयाबद्दल आणि शिक्षणाबद्दल एक शब्दही न बोलता बरंच कळतं.

डेक्कन ओडिसीवर कागदाची जागा मोबाइल घेतो. फोनची नोंद मागवली, सीसीटीव्ही बघितला, लोहमार्ग पोलिसांना पुढच्या स्टेशनवर बोलावलं, की तपास प्लेअरांच्या हातून निसटतोच. यावर उपाय एकच, खेळ 2004-05 च्या सुमाराचा ठेवायचा. तेव्हा फोन होते, पण कोकण रेल्वेच्या बोगद्यांच्या रांगेत त्यांच्यावर विसंबता येत नसे. महाराष्ट्रातून गोव्यात शिरताना पोलिसांची हद्दही बदलते. सिम्प्लॉनवर अशा अर्धा डझन हद्दी आहेत, इथे खरी कामाची ही एकच. ती नीट वापरा.

बोगदा

इथे मात्र दोन्ही गाड्या तोडीस तोड आहेत. सिम्प्लॉन बोगदा 1906 साली उघडला, लांबी जवळजवळ 20 किलोमीटर, आणि स्वित्झर्लंड-इटलीची सरहद्द डोंगराच्या पोटात. ताशी 60 चा वेग धरला तर वीस मिनिटं बाहेर काहीच नाही. तो पहिल्यापासून विजेवर चालायचा, म्हणून ‘धुराने काही दिसेना’ ही सबब तिथे चालत नाही. आपला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे साधारण साडेसहा मिनिटांचा. पोस्टवर मी याचा पूर्ण एक डाव करते. गाडी आत शिरली असं जाहीर करायचं आणि प्रत्येकाने आपण काय करतो ते फक्त सूत्रधाराला खासगीत कळवायचं, 48 तासांची मुदत. मग सगळं जुळवून एकच पोस्ट टाकायची: बाहेर पडताना कोण कुठे होतं. टेबलावर चिठ्ठ्या फिरवून हे कधी जमलं नाही. वीस मिनिटांत खून होतो, कपडे बदलून होतात, जेवणाच्या टेबलावर परत येऊन बसताही येतं. साडेसहा मिनिटांत एकच गोष्ट होते, त्यामुळे करबुडे जास्त कडक वाटतो. सहा जणांच्या गटाला मला तोच आवडतो.

पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही हे ठरवायला फासे वापरत असाल तर एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच पाळा: ज्या पुराव्यावाचून गाडी पुढे सरकत नाही, तो फाशांवर सोडू नका. गमशू नावाची नियमपद्धती याच तत्त्वावर उभी आहे. योग्य ठिकाणी योग्य कौशल्य घेऊन गेलेल्याला मुख्य धागा मिळालाच पाहिजे. टेबलावर फसलेला फासा पाच मिनिटं खातो, पोस्टवर आख्खा आठवडा.

भाषेचं काय?

हा प्रश्न कमी लेखू नका. सिम्प्लॉनवर बेल्जियन कंडक्टर, सर्ब अधिकारी आणि फ्रेंच विधवा मराठीत बोलणार. पहिले चार दिवस सगळे भाषांतरासारखं लिहितात. ओडिसीवर कोल्हापूरची आजी, दादरचा वकील आणि लंडनहून आलेला भाचा पहिल्या ओळीपासून जिवंत असतात, कारण आजी कोणाला ‘अरे’ म्हणेल आणि कोणाला ‘अहो’ हे लिहिणाऱ्याच्या अंगात असतं. तुमचा गट खेळात नवा असेल आणि परक्या पात्राच्या तोंडून बोलायला बिचकत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून डेक्कन ओडिसी घ्या. गट जुना असेल, कागद चाळायला त्याला आवडत असेल, तर सिम्प्लॉन घ्या आणि निदान एक पात्र मराठी ठेवा. त्याला वाटही आहे: 1930 मध्ये इस्तंबूलच्या पलीकडच्या हैदरपाशाहून टॉरस एक्सप्रेस सुरू झाली. लंडनहून बॅरिस्टर होऊन परतणारा तरुण त्या वाटेने इराक गाठून बसऱ्याहून मुंबईची आगबोट धरू शकतो. बाकीचे प्रवासी इस्तंबूलला थांबणार, याला मात्र पुढची गाडी चुकवून चालत नाही.

आणि गट दोन-तीन महिने टिकेल याचीच खात्री नसेल, तर आधी 1930 च्या दशकातली डेक्कन क्वीन घ्या. मुंबई ते पुणे, जेमतेम तीन तास. भोजनाचा डबा आहे, बोरघाट आहे, आणि पुणं येईपर्यंत गुन्हेगार सापडलाच पाहिजे. पोस्टवर दोन आठवड्यांत संपते. कोण नेमाने लिहितं आणि कोण नाही, ते तेवढ्यात कळतं.