संचार साथी : जुना मोबाइल घेण्याआधी आणि आपला हरवल्यानंतर

केंद्रीय दूरसंचार विभागाची ‘संचार साथी’ ही मोफत सेवा मे 2023 पासून चालू आहे. मोबाइल चोरीला गेला की ती सगळ्यांना आठवते. आमच्या मते तिचा सगळ्यात मोठा फायदा जुना मोबाइल विकत घेताना होतो, आणि नेमका तोच कमी घेतला जातो.

संभाजीनगरचं पैठण गेट असो की लातूरची गंजगोलाई, सेकंडहँड हँडसेट हातात आला की आपण डिस्प्ले बघतो, बॅटरी बघतो, दोन फोटो काढून बघतो. त्याआधी *#06# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक. दोन सिमच्या मोबाइलला असे दोन असतात. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर लिहून 14422 वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड (काळ्या यादीतला), ड्युप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं, तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. स्क्रीनवरचा नंबर खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. आयएमईआयमध्ये फेरफार करण्याला 2023 च्या दूरसंचार कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ‘बिल नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून तर घेऊच नये. पुढे मोबाइल हरवला तर तेच बिल उपयोगी पडतं.

आपल्या नावावर किती सिम आहेत, हे संचार साथीच्या वेबसाइटवर आपला मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की लगेच दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त 9 सिम चालतात. पण ‘हा माझा नंबर नाही’ हे बटण घाईत दाबू नका. खेड्यात एकाच आधारवर आईचं, भावाचं, ऊसतोडीला गेलेल्या चुलत्याचं अशी सगळ्यांची सिम काढलेली असतात. यादीतले काही आकडे झाकलेले असतात, म्हणून आधी घरात विचारून घ्या. नाहीतर कंपनीची पडताळणी सुरू होते आणि चुलत्याचा चालू फोन बंद पडू शकतो.

संचार साथीतला ‘चक्षू’ हा भाग संशयास्पद कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप मेसेज कळवण्यासाठी आहे. गावाच्या ग्रुपवर पीएम किसानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका. स्क्रीनशॉट काढा आणि 30 दिवसांच्या आत कळवा. मात्र पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका. तडक 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवूनच बोला.

संचार साथीचं ॲपही आहे, पण त्याबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे. अँड्रॉइडवर ते कॉल, एसएमएस, कॅमेरा अशा बऱ्याच परवानग्या मागतं. वर्षातून दोनदा लागणाऱ्या कामासाठी वेबसाइट पुरेशी आहे. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, एवढं बघून घ्या.

आता हरवलेला मोबाइल. तो ब्लॉक करण्याचा अर्ज अवघड नाही, पण क्रम चुकला की काम अडतं. आधी बँकेला कळवून यूपीआय बंद करा, कारण आयएमईआय बंद झाला तरी मोबाइल वायफायवर चालतो. तुळजापूरच्या नवरात्रातल्या गर्दीत फोन गेला तर घरी पोचायची वाट न बघता हे उरकावं. मग पोलीस ठाण्यात तक्रार देऊन प्रत घ्या आणि त्याच नंबरचं नवं सिम काढा. घोळ इथेच होतो. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस चालत नाहीत, त्यामुळे ओटीपी येत नाही आणि माणूस साइटला दोष देऊन नाद सोडतो. दुसऱ्या दिवशी संचार साथीच्या वेबसाइटवर अर्ज भरा. आयएमईआय, तक्रार क्रमांक, तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र हाताशी असू द्या. अर्ज स्वीकारला गेला की 24 तासांत तो हँडसेट देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातलं तर पोलिसांना माग मिळतो.

अर्जाचा रिक्वेस्ट आयडी कागदावर लिहून ठेवा. मोबाइल परत मिळाल्यावर ब्लॉक काढायला तोच लागतो. ब्लॉक निघेपर्यंत सिम घातलं तरी रेंज येणार नाही. तो बिघाड नसतो, रिपेअरिंगवाल्याला पैसे देऊ नका.