५,८६९ रुपयांचं कुंपणावरचं तण

ऑर्किडं मागवून मी कशी फसले ते सांगते. आधी आकडे, ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. फेलेनॉप्सिस ऑर्किडची वीस बाळरोपं, नग १९० प्रमाणे ३,८००. कुंडीत भरायचं ‘खास मिक्स’ ६५०. पॅकिंग आणि कुरिअर ४२०. आणि हे सगळं भरून झाल्यावर उगवलेली ‘परवाना फी’ ९९९. एकूण ५,८६९ रुपये.

मी नवशिकी नाही. फोंड्यात आमच्या घरामागे माडांच्या खोडांना बांधलेली डेंड्रोबियम जातीची ऑर्किडं अकरा वर्षं फुलताहेत. स्वस्ताईलाही भुलले नव्हते. विकणारा चाळीस रुपयांना रोप देतो म्हणाला असता तर तिथेच ब्लॉक केला असता. १९० हा भाव चोख वाटला, इतकंच. फेलेनॉप्सिस मात्र एवढ्याशा रोपापासून कधी वाढवली नव्हती, आणि ते मी त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

नर्सरी म्हणे कालिंपोंगची. दर वाक्याला ‘ताई’. बाटलीतल्या टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रोपांचे फोटो इतके सुंदर की बघत राहावं. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव भलत्याच माणसाचं आलं. ‘मेव्हण्याचं खातं आहे ताई’. बरं.

सोमवारी संध्याकाळी पैसे भरले आणि बुधवारी दुपारी खोकं दारात! मुंबईहून नणंदेने पाठवलेल्या साड्यांना चार दिवस लागतात, आणि हे उत्तर बंगालच्या डोंगरातून दोन दिवसांत. वर स्टिकर बेळगावचा. हे म्हणाले, “अगं, कालिंपोंग बेळगावजवळ कधीपासून आलं?” मी वर तोंड करून म्हटलं, “कुरिअरचं हब असेल तिथे.” त्या एका वाक्याची लाज अजून जात नाही. तेव्हाच खोकं न उघडता फोटो काढून परत धाडलं असतं तर!

पण मला घाई कुंड्या भरायची. ओटीवर वर्तमानपत्र पसरलं, कोमट पाण्यात मुळं धुतली. फेलेनॉप्सिसचं मूळ जाड असतं, सुकलं की चंदेरी दिसतं आणि पाणी लागलं की डोळ्यांदेखत हिरवं होतं. ही दोऱ्यासारखी बारीक, मातीचे कण चिकटलेली. एकही हिरवं झालं नाही. मी बघितलं, आणि मनात म्हटलं, लहान आहेत अजून. पानं खालून जांभळी होती, त्याचं उत्तर त्याने आधीच देऊन ठेवलं होतं: ‘ताई, पोट जांभळं म्हणजे फूल गडद.’ आणि हे अगदीच खोटं नाही हो, जुने बागवालेही असं म्हणतात. अर्धं खरं सांगणारा माणूस जास्त वाईट. हातांना खाज सुटली, ती मी मॉसवर, म्हणजे सुक्या शेवाळावर, ढकलली. वीस कुंड्या, तीन तास, वर बुरशीनाशकाची फवारणी.

त्या मिक्समध्ये काय होतं? नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. माझ्या परसात सोडणांचा ढीग पडलाय आणि मी ते ६५० रुपयांना मागवले.

पावसात रोपं अशी फोफावली की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. फेलेनॉप्सिसची पानं समोरासमोर दोनच रांगांत येतात आणि सावकाश येतात. ही गोल फिरत, भराभर. शेजारीण म्हणाली, “वहिनी, ऱ्हिओचं एवढं कौतुक? आमच्या गडग्यावरची उपटून देते हवी तेवढी.” ऱ्हिओ म्हणजे खालून जांभळ्या पानांचं ते कुंपणाकडेचं झाड, ऑर्किड नव्हेच. त्याच्या चिकाने खाजही सुटते, हेही तिनेच सांगितलं.

पोलीस स्टेशनात दीड तास बसवलं. “तुमकां झाडां मेळ्ळ्यांत मगे?” मिळाली. मग फसवणूक कुठली? मी पान उलटून दाखवायला लागले तर दुसरा हवालदार हसला. सायबरवाल्यांकडे जा. तिथे गेले तर म्हणे वस्तू मिळालीय, ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. बँकेत गेले, तर पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम. वनखात्याच्या एका कार्यालयात ‘परवाना फी’ची पावती दाखवली, तर असली पावती आमची नव्हे म्हणाले, आणि लेखी द्या म्हटल्यावर साहेब रजेवर. ज्याच्या नावाने ही फी घेतली तो साइट्स करार, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांसाठीचा, देशाबाहेरच्या व्यापाराचा आहे, बेळगावहून फोंड्याला येणाऱ्या खोक्याशी त्याचा काय संबंध, हे मला ९९९ भरण्याआधी कळायला हवं होतं. पण त्यांना तरी कळायला नको? चार कार्यालयं, रिक्षाचे ३४० वेगळेच, आणि हातात एका कागदावर पोच.

बाळरोपांचीच निवड का, ते आता कळतं. फूल यायला दोन-तीन वर्षं. तोवर कोण ओरडणार? मुळांचा ओला आणि सुका असा व्हिडिओ मागा. खात्यावरचं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा. ऑर्किडचं ‘बी’ पाकिटात विकणाऱ्याच्या तर वाटेलाच जाऊ नका, ते धुळीएवढं असतं आणि बुरशीच्या किंवा प्रयोगशाळेच्या मदतीवाचून रुजत नाही. खोकं उघडताना मोबाइल चालू ठेवा. पैसे गेलेत असं वाटलं की त्याच तासात १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. मी पाच आठवड्यांनी जागी झाले.

काल त्या विकणाऱ्याच्या त्याच नंबरचा डीपी बदललेला दिसला. गडद निळी फेलेनॉप्सिस, जी रंग टोचून करतात आणि पुढच्या बहराला पांढरी येते. खाली लिहिलंय, निळी बाळरोपं, नग २४०.