मुख्याध्यापकांसाठीची भागीदारी कार्यशाळा : शाळा समितीला बाहेर ठेवून

कर्नाटकातील खानापूर तालुक्यात एका सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष, पुण्या-गोव्यात नोकरीस असलेले माजी विद्यार्थी आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखानदार यांच्याशी शाळेच्या कामासाठी बोलायचे कसे, हे टी.सी.एच.ला, म्हणजे शिक्षक होण्यासाठीच्या अभ्यासक्रमाला, असताना आम्हाला कोणी शिकवले नव्हते. म्हणूनच बेळगावात एका खासगी संस्थेने सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी भरवलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला, पदरचे दीड हजार रुपये भरून, मी गेलो.

पहिल्या दिवशी दुपारी झालेल्या सरावातच हे पैसे वसूल झाले, असे म्हणेन. प्रशिक्षक कारखानदार होऊन खुर्चीत बसले आणि आम्ही एकेकाने त्यांच्याकडे जाऊन शाळेसाठी काही मागायचे, असा तो सराव होता. माझी पाळी आल्यावर मी शाळेच्या स्थापनेपासून सुरुवात केली, गावातून कोण कोण मोठ्या हुद्द्यावर पोहोचले ते सांगितले, गळक्या कौलांवर आलो, आणि एवढ्यात प्रशिक्षकांनी मनगटावरचे घड्याळ माझ्यापुढे धरले. ‘‘सर, चार मिनिटे झाली. तुम्ही अजून काही मागितलेलेच नाही.’’ सभागृह हसले, मीही हसलो. पण गेली अनेक वर्षे मी लोकांकडे जाऊन नेमके हेच करत आलो होतो, हे तेव्हा ध्यानात आले.

दुसरी उपयोगाची गोष्ट म्हणजे मदत घेण्यापूर्वी करावयाचा एका पानाचा लेखी समझोता, ज्यात वस्तू कोण देणार, बसवणार कोण, बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि किती वर्षे, एवढेच असते. आमच्या शाळेला पूर्वी मिळालेले दोन संगणक बॅटरी कोणी बदलायची हे न ठरल्यामुळे बंद पडले असून, सध्या त्यांच्यावर खडूच्या पेट्या ठेवल्या जातात. कार्यशाळेनंतर एका माजी विद्यार्थ्याने पाणी शुद्धीकरणाचे यंत्र देऊ केले, तेव्हा फिल्टर बदलण्याची तीन वर्षांची जबाबदारी मी त्याच्याकडून आधी कागदावर लिहून घेतली. त्याला जरा विचित्र वाटले, पण त्याने सही केली.

आता उणिवांकडे. दुसऱ्या दिवसाची सकाळ सीएसआर निधीवर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी खर्चायच्या पैशांवर, गेली आणि ती जवळजवळ वाया गेली. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक तरी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीलाच मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ज्यांच्याकडे आम्ही जातो ते फाउंड्रीवाले आणि लहान वर्कशॉपवाले या चौकटीत क्वचितच बसतात. ते देतात ते स्वतःच्या खिशातून, ओळखीने, बहुधा आपल्या गावच्या शाळेला. त्यांच्याशी कसे वागावे, यावर एक शब्द निघाला नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र निमंत्रणातच होती. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 21 नुसार शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात, तर कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. असे असताना आमच्या अध्यक्षांना सोबत आणण्याची परवानगी मागितली, तेव्हा ‘ही कार्यशाळा नेतृत्व करणाऱ्यांसाठी आहे’ असे उत्तर मिळाले. (आमचे अध्यक्ष ऊस लावतात, आणि पंचायतीत त्यांचा शब्द माझ्यापेक्षा जड आहे.) आवारभिंतीचे काम ग्रामसभेत मांडून पंचायतीच्या आराखड्यात घालायचे असते, हे कार्यशाळेत छान समजावले, पण प्रत्यक्षात ग्रामसभेत उठून ते मांडले अध्यक्षांनी आणि समितीतल्या दोन मातांनी, मी फक्त मोजमापाचा कागद घेऊन मागे उभा होतो.

कार्यशाळेची पुस्तिका कन्नडमध्ये होती. खात्याची परिपत्रके आम्ही कन्नडमध्येच वाचतो, त्यामुळे तिची अडचण झाली नाही. परंतु पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना पाठवायच्या पत्रांचा मराठी नमुना एकही नव्हता, आणि तो मागितल्यावर ‘पाठवतो’ म्हणून सांगितले गेले, तो अद्याप आलेला नाही. जेवण चांगले होते. सहा महिने दूरध्वनीवरून मार्गदर्शन मिळेल, असे माहितीपत्रकात छापले होते. प्रत्यक्षात एकच फोन आला, तोही कार्यशाळेला किती गुण द्याल हे विचारण्यासाठी.

मी पाचपैकी तीन सांगितले. पुढच्या तुकडीत नाव घालणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी समितीच्या अध्यक्षांना शेजारी बसू देणार का, हे विचारून घ्यावे, आणि नाही म्हटल्यास निदान सरावाचे सत्र कोणत्या दिवशी आहे तेवढे पाहून त्या दिवशी तरी हजर राहावे.